प्रत्येक सेवेला हवी इशारा पातळी

पूर, नळाचं पाणी, आग, पडके वाडे, उघडी चेंबर. कोल्हापूर महापालिका आणि आसपासच्या ग्रामपंचायतींच्या सेवांमधले असे धोके कोण ओळखतं, कोण सांभाळतं आणि सांभाळणाऱ्यावर नजर कोणाची असते, याबद्दल वाचकांची पत्रं आली आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र करून त्यातले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं पाणीपुरवठा, अग्निसुरक्षा आणि नागरी प्रशासन जाणणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : पावसाळा लागला की आमच्याकडे रोज सकाळी पहिला प्रश्न एकच, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलंय? ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका हे पोरासोरांनाही पाठ आहे. पण या आकड्यांवर महापालिकेत नेमकं काय हलतं? निर्णय कोण घेतं?
– एक वाचक, कुंभार गल्ली, शाहूपुरी

उत्तर : कोल्हापूरच्या आपत्ती व्यवस्थेतली सगळ्यांत चांगली गोष्ट म्हणजे हे दोन आकडे. ते मोजता येतात, सगळ्यांना ठाऊक आहेत आणि त्यावर वाद होत नाही. इतर कुठल्याच सेवेला असा आकडा नाही, ही आमची मुख्य तक्रार आहे आणि ती पुढच्या उत्तरांतही येत राहील.

३९ फुटांना तयारी पूर्ण झालेली असायला हवी. निवारा केंद्र म्हणून ठरवलेल्या शाळांच्या किल्ल्या हातात, तिथलं पाणी, वीज आणि शौचालयं तपासलेली, बोटींची इंजिनं चालवून पाहिलेली, लाईफ जॅकेट मोजलेली. प्रत्येक पूरबाधित गल्लीतल्या गरोदर बाया, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि डायलिसिसवर असलेले रुग्ण यांची नावनिशी यादी झालेली. ४३ फुटांना सखल वस्त्या रिकाम्या झालेल्या असाव्यात. त्या आकड्यावर घरं सोडायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. तुमच्या गल्लीचा प्रश्न आणखी वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये गणपतीच्या मूर्ती अर्ध्या ओल्या, अर्ध्या रंगवलेल्या असतात. त्या उचलायला टेम्पो, कोरडी जागा आणि माणसं लागतात, आणि हे काम एका रात्रीत होत नाही. म्हणून कुंभार गल्ली आणि बापट कॅम्प या कुंभारवस्त्यांसाठी इशारा पातळी ३९ च्याही खाली ठरवली पाहिजे.

पाणी चढण्याचा वेग स्वतः मोजा. तासाला २ इंच वाढ फारशी वाटत नाही, पण २४ तासांत ती ४ फूट होते, म्हणजे ३९ वरून थेट ४३. संध्याकाळी हा वेग दिसला तर अंधाराच्या आत बाहेर पडा. राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबावर आपोआप उघडतात, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सुटतं. ते कुणाच्या आदेशाने थोपवता येत नाहीत, त्यामुळे दरवाजा उघडल्याची बातमी हाच तुमच्यासाठी एक इशारा समजा.

निर्णयाचं म्हणाल तर आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. धरणाचा विसर्ग जलसंपदा विभागाकडे. महापालिकेवर कलम ४१ प्रमाणे आपली माणसं प्रशिक्षित ठेवण्याची आणि साधनसामग्री कायम वापरण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी आहे. २०२५ च्या दुरुस्तीत महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आली आहे. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आहे.

आणखी एक. २०१९ ला पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेलं, २०२१ ला ५६ फूट ३ इंचांवर. म्हणजे धोका पातळीच्याही वर १३ फुटांचा पट्टा आहे आणि त्या पट्ट्यात ‘धोका’ हा एकच शब्द पुरत नाही. कोणत्या फुटाला कोणती गल्ली बुडते याची यादी विभागीय कार्यालयातून मागून घ्या आणि तुमचा आकडा तालमीच्या भिंतीवर रंगवा. घर घेणाऱ्यांनी निळी आणि लाल पूररेषा पाहावी. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. याचा अर्थ पूर येऊन गेला की पुढची २५ किंवा १०० वर्षं सुटका, असा नाही. दरवर्षी अनुक्रमे ४ आणि १ टक्का शक्यता असते. ३० वर्षांचं कर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतलं, तर कर्ज फिटेपर्यंत पाणी घरात येण्याची शक्यता साधारण ७१ टक्के. लाल रेषेवर तीच २६ टक्के.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ ला शहराला पाण्याचा वेढा आणि नळ मात्र कोरडे. पूर ओसरल्यावरही पाणी यायला इतके दिवस का लागतात? आता थेट पाईपलाईन आली, मग हा धोका संपला का?
– एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : दोन्ही वेळा नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेली. शिंगणापूर आणि बालिंगा इथले पंप नदीतून पाणी उचलतात, म्हणून ते नदीजवळच असतात. मोटर बुडाली की केवळ पाणी ओसरून भागत नाही.

बुडालेल्या मोटरमध्ये गाळ शिरतो. ती उघडून धुवावी लागते, बेअरिंग बदलावी लागतात, मग वाइंडिंगमधला (आतल्या तारांच्या वेटोळ्यांमधला) ओलावा काढण्यासाठी ती सलग तापवत ठेवतात. त्यानंतर मेगर हे यंत्र लावून तारांवरच्या आवरणाचा विद्युतरोध, म्हणजे इन्सुलेशन मोजतात. ४४० व्होल्टच्या मोटरला ते निदान १ मेगाओहम तरी भरलं पाहिजे. घाईने त्याआधीच वीज दिली तर वाइंडिंग जळतं आणि दोन दिवसांचं काम महिन्यावर जातं. वीज पॅनेलचं तसंच, त्यातला एकेक संपर्क पुसून वाळवावा लागतो. म्हणून ‘पाणी उतरलं तरी मोटर का लावत नाहीत’ असं म्हणत केंद्रावर जाऊन दबाव आणू नये. पंप सुरू झाल्यावर आधी जलवाहिनीतली हवा काढावी लागते, मग टाक्या भरतात आणि उंचावरच्या, टोकाच्या गल्ल्यांना सगळ्यांत शेवटी पाणी पोहोचतं.

हे टाळायचं काम पुराच्या आधीचं आहे. ठरलेल्या पातळीला मोटर काढून वर उचलायची. त्यासाठी क्रेन कुठून येणार, रस्ता बंद झाल्यावर ती पोहोचणार कशी, मोटर सोडवायला किती तास लागतात, हे मे महिन्यात एकदा प्रत्यक्ष करून पाहिलं असेल तरच कागदावरचा आराखडा खरा. पॅनेल पूररेषेच्या वर बांधलेल्या चौथऱ्यावर नेणं हा कायमचा उपाय.

थेट पाईपलाईनने काळम्मावाडी धरणाचं पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात आलं. त्यामुळे पुराचा धोका नक्कीच कमी झाला, पण धोक्याची जागाही बदलली. आता पन्नास किलोमीटरहून लांब असलेली एक वाहिनी आणि तिच्या टोकाचा वीजपुरवठा यांच्यावर शहर अवलंबून आहे. एवढ्या वाहिनीवर एका ठिकाणी मोठी गळती लागली की सगळ्यांनाच झळ बसते. म्हणून जुनी उपसा केंद्रं गंजू न देता दर महिन्याला काही तास चालवली पाहिजेत आणि त्याची नोंद राहिली पाहिजे. बंद पडलेली पर्यायी व्यवस्था ही व्यवस्था नसते.

पुरवठा खंडित झाल्यानंतर आलेलं पहिलं पाणी पिऊ नका. वाहिनी रिकामी असताना गळतीच्या जागेतून बाहेरचं सांडपाणी आत ओढलं जातं. पंधरा-वीस मिनिटं सोडा, मग भरा आणि आठवडाभर उकळून प्या. उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट आच चालू ठेवा.

प्रश्न : आमच्या गावात टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात. कधी पाण्याला उग्र वास, कधी काहीच नाही. ग्रामसेवक म्हणतात, सगळं प्रमाणात आहे. आम्ही कसं ओळखायचं?
– एक बचत गट, पाचगाव परिसर

उत्तर : वास कमी-जास्त होतो याचा अर्थ मोजमाप होत नाही. चांगल्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नसते. ती उन्हात, दमटपणात, तोंड उघडं ठेवलेल्या पिशवीत पडून राहिली तर क्लोरीन उडून जातं आणि मागे चुना उरतो. दिसायला पावडर तशीच पांढरी, त्यामुळे फसगत होते.

साधारण प्रमाण १००० लिटरला ५ ग्रॅम. ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. जलसुरक्षकाने (गावाचं पाणी शुद्ध ठेवायला नेमलेल्या माणसाने) ती आधी प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवावी, मग बादली भरून ढवळावी, अर्धा तास निवळू द्यावी आणि वरचं स्वच्छ पाणी तेवढं टाकीत सोडावं. बरेचदा पावडर कोरडीच टाकीत ओततात. मग ती तळाशी बसते, पहिल्या घरांना उग्र वास येतो आणि शेवटच्या घरांना काहीच मिळत नाही. पाणी सोडण्याआधी किमान अर्धा तास जायला हवा.

तुम्ही स्वतः पाहायचं ते गावातल्या सगळ्यांत शेवटच्या नळावर. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टच्या द्रावणाचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, तो रंग पट्टीशी लगेच ताडून पाहायचा. निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन दिसलं पाहिजे, साथीच्या दिवसांत ०.५. टाकीखालच्या नळावर केलेली चाचणी काहीही सिद्ध करत नाही. रोजची नोंदवही ग्रामपंचायतीत असते, ती मागा. रोज सारखाच आकडा आणि सारखीच शाई दिसली तर ती एका बैठकीत भरलेली आहे.

पावसाळ्याआधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांचं सर्वेक्षण होतं आणि त्यावरून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कार्ड कोणतं आणि पिवळं असेल तर कोणत्या दोषामुळे, हे ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. काविळीची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. २०१२ साली इचलकरंजीने काविळीची साथ सोसली आहे. रुग्ण दिसू लागतात तोवर दूषित पाणी कधीच पिऊन झालेलं असतं, म्हणून रोजची नोंद महत्त्वाची.

प्रश्न : आमचं घर पाणी शुद्धीकरण केंद्राला लागून आहे. तिथे क्लोरीन गॅसच्या टाक्या असतात म्हणे. गळती झाली तर काय करायचं?
– एक ज्येष्ठ नागरिक

उत्तर : केंद्रात गॅस वापरत असतील तर तो बहुधा ९०० किलोच्या टनरमध्ये, म्हणजे मोठ्या आडव्या टाकीत असतो. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, त्यामुळे तो जमिनीलगत, उताराकडे सरकतो. वास आला की खाली बसू नका आणि तळघरात जाऊ नका. वाऱ्याची दिशा पाहून वाऱ्याला आडवं चाला, उंचावर जा, ओला रुमाल नाकावर धरा. वरच्या मजल्यावर असाल आणि बाहेर पडणं शक्य नसेल तर दारं-खिडक्या बंद करून फटी ओल्या कापडाने बुजवा.

केंद्रातल्या माणसांना हे माहीत हवं : टनरवर पाणी मारायचं नाही. क्लोरीन आणि पाणी मिळून आम्ल होतं, ते पत्रा खातं आणि भोक मोठं होतं. गळती खालच्या बाजूला असेल तर टनर फिरवून ती जागा वर आणायची, म्हणजे द्रवाऐवजी वायू बाहेर येतो. एक भाग द्रवाचे सुमारे ४६० भाग वायू होतात, तेव्हा या एका हालचालीने गळती कितीतरी पटींनी कमी होते. टनरच्या दोन व्हॉल्व्ह एकाखाली एक उभ्या रेषेत असाव्यात आणि वायू वरच्या व्हॉल्व्हमधून घ्यावा. नेमकी जागा शोधायला अमोनियात भिजवलेला बोळा फिरवतात, गळतीजवळ पांढरा धूर दिसतो. टनरचे सुरक्षा प्लग साधारण ७० अंशांना वितळतात, म्हणून टनर उन्हात ठेवू नये.

तुम्ही केंद्राकडे तीन गोष्टी विचारा. श्वसनयंत्र गॅसच्या खोलीच्या बाहेर टांगलेलं आहे का? आत असेल तर गळतीच्या वेळी ते आणायला कुणी जाऊ शकत नाही. रात्रपाळीच्या माणसाने टनर फिरवण्याचा सराव केला आहे का? आणि शेजाऱ्यांना सावध करायला भोंगा आहे का, तो शेवटचा कधी वाजवला?

प्रश्न : नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. आता नगरसेवक निवडून आले आहेत. धोक्यांवर देखरेख ठेवायची तर त्यांनी कुठे बोट ठेवायचं?
– एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : पहिल्यांदा जोखीम नोंदवही मागा. बऱ्याच ठिकाणी ती नसतेच, आणि असली तर तिच्यात अशी नोंद असते : ‘पावसाळ्यात पाणीपुरवठा खंडित होण्याची शक्यता. उपाय : दक्षता घेणे.’ या ओळीवर कुणालाच जाब विचारता येत नाही. तीच नोंद अशी हवी : ‘नदीची पातळी अमुक फुटांवर आल्यास उपसा केंद्रातील मोटर क्रमांक २ व ३ काढणे. लागणारा वेळ ६ तास. जबाबदार : उपअभियंता, जलविभाग. ते नसल्यास : अमुक शाखा अभियंता. क्रेनचा करार ३१ मेपर्यंत. शेवटची प्रात्यक्षिक चाचणी : तारीख.’ यात इशारा पातळी आहे, पदनाम आहे आणि तारीख आहे. तिन्हींपैकी एक जरी रिकामी असली तरी नगरसेवकाने तिथेच थांबून प्रश्न विचारावा.

गुणांच्या तक्त्यांपासून सावध राहा. शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५ आणि दोघांचा गुणाकार, अशी पद्धत सर्रास वापरतात. त्यात क्लोरीनच्या मोठ्या गळतीला १ गुणिले ५ म्हणजे ५ गुण मिळतात आणि रस्त्यावरचा दिवा बंद पडण्याला ५ गुणिले १ म्हणजेही ५. दोन्ही यादीत शेजारी शेजारी बसतात. ज्यात माणसं दगावू शकतात त्या नोंदी गुण न पाहता वेगळ्या काढून वर्षातून दोनदा सभागृहापुढे आल्या पाहिजेत, असं आमचं ठाम मत आहे.

स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि खर्चाच्या किल्ल्या तिथे. महापालिकेचे मुख्य लेखापरीक्षक हिशेब तपासून याच समितीला अहवाल देतात. त्यातले आक्षेप वर्षानुवर्षं तसेच राहतात. किती आक्षेप, किती जुने, अनुपालन (आक्षेप दूर केल्याचा खुलासा) कुणी द्यायचं, एवढं एका पानात मागितलं तरी दुखणं कुठे आहे ते दिसतं. आणीबाणीत आयुक्त महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ (३) खाली तातडीचा खर्च करू शकतात, पण काय केलं आणि का केलं याचा अहवाल त्यांना लगेच स्थायी समितीला आणि सभागृहाला द्यावा लागतो. पुरानंतरच्या प्रत्येक वर्षी हा अहवाल मागून वाचावा. तोच तोच तातडीचा खर्च दर पावसाळ्यात दिसला तर तो तातडीचा नाही, त्याची तरतूद अर्थसंकल्पात हवी.

ठेकेदाराकडे काम दिलं म्हणून जबाबदारी त्याच्याकडे जात नाही. विशेषतः गटार सफाईत. चेंबरमध्ये माणूस उतरवून सफाई करायला २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, जास्त प्रमाणात तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे ‘वास नाही म्हणजे गॅस नाही’ हा समज जीव घेतो. पहिला माणूस कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. सफाईच्या प्रत्येक ठेक्यात यंत्र कोणतं, ते कोणत्या रुंदीच्या गल्लीत शिरतं, आणि जिथे शिरत नाही तिथे काय करणार, हे लिहिलेलं असलंच पाहिजे.

प्रश्न : आमच्या मंडळाला कार्यक्रमासाठी सभागृह भाड्याने घ्यायचं आहे. आगीच्या दृष्टीने काय तपासावं?
– एक सांस्कृतिक मंडळ

उत्तर : ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या शहराने पाहिलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेली ती वास्तू. तेव्हापासून हा प्रश्न अनेकांनी विचारला आहे.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन वेळा ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. बुकिंग करताना शेवटचा फॉर्म बी दाखवायला सांगा. ‘फायर एनओसी आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. एनओसी यंत्रणा बसवल्याचं सांगते, फॉर्म बी ती आज चालते का ते सांगतो.

मग सभागृहात अर्धा तास फिरा. आपत्कालीन दार ढकलून पाहा, कुलूप किंवा मागे रचलेल्या खुर्च्या असतील तर तिथेच बुकिंग थांबवा. अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि त्याच्यावरची तपासणीची तारीख पाहा. फायर पंपाच्या पॅनेलवरची कळ ‘ऑटो’वर हवी. ती ‘मॅन्युअल’वर ठेवलेली असते, कारण गळतीमुळे पंप सारखा सुरू होतो आणि गळती काढण्याऐवजी कुणीतरी कळ फिरवलेली असते. सगळ्यांत वरच्या नळाला ३.५ किलो दाब मिळायला हवा. नाट्यगृहात आगीला खाद्य रंगमंचावर असतं : पडदे, विंगा, लाकडी फळ्या, वर टांगलेले दिवे. तुमचा मंडपवाला किंवा लाईटवाला स्वतःची वायर थेट मेन बोर्डात घालत असेल तर ते अजिबात चालू देऊ नका.

सभागृह महापालिकेचंच असेल तर आणखी एक अडचण. तिथे मालकही महापालिका आणि तपासणी करणारं अग्निशमन दलही महापालिकेचं. एका विभागाने दुसऱ्या विभागाला नोटीस द्यायची. अशा सगळ्या वास्तूंची तपासणी बाहेरच्या त्रयस्थ संस्थेकडून करून घ्यावी आणि तिचा अहवाल दारावर लावावा.

प्रश्न : आमच्या रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण वर्षात तीन वेळा फुटलं. दर वेळी नवं बसवतात. चूक कुठे होते?
– एक दुकानदार, लक्ष्मीपुरी

उत्तर : झाकणावर कोरलेली खूण वाचा. काँक्रीटच्या झाकणांना प्रतवारी असते : एलडी २.५, एमडी १०, एचडी २०, ईएचडी ३५. आकडा टनांचा. मालाचे ट्रक फिरतात त्या तुमच्या रस्त्यावर एमडी १० बसवलं असेल तर ते फुटणारच. प्रत बरोबर असूनही फुटत असेल तर चौकट पाहा. ती चारही बाजूंनी सिमेंटच्या मसाल्यात पक्की बसलेली नसली की झाकण डुलतं, खडखड वाजतं आणि कोपऱ्यातून तडकतं. तक्रारीत ‘झाकण बदला’ असं न लिहिता ‘एचडी २० बसवा आणि चौकट नव्याने पक्की करा’ असं लिहा. रस्ता नवा असेल तर त्याच्या निविदेतला दोषदायित्व कालावधी विचारा, त्या मुदतीत दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते.

उघड्या चेंबरमुळे किंवा खड्ड्यामुळे अपघात झाला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाप्रमाणे मृत्यूसाठी ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई आहे. जागेचा ओळखीच्या खुणेसह फोटो, पोलिसांतली नोंद आणि दवाखान्याचे कागद त्याच दिवशी जमवा. दुसऱ्या दिवशी खड्डा बुजलेला असतो.

प्रश्न : आम्ही भाडेकरू. आमच्या वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे. मालक म्हणतो, सोडा. सोडलं तर हक्क जाईल अशी भीती वाटते. भिंती तर उभ्या आहेत.
– एक कुटुंब, शुक्रवार पेठ

उत्तर : आधी भिंतींचं. मातीतल्या भिंती पुरातच पडतात असं नाही, बऱ्याच पडतात पाणी उतरल्यावर. पाण्यात असताना बाहेरून आधार असतो. पाणी गेलं की भिजून जड झालेली भिंत एकटी उभी राहते आणि पायाकडची माती लोण्यासारखी मऊ झालेली असते. म्हणून पूर ओसरल्यानंतरचे आठ-दहा दिवस सगळ्यांत वाईट. गिलावा मध्येच फुगला आहे का, दाराची चौकट अचानक घासायला लागली आहे का, वाशांची भिंतीत रुतलेली टोकं सळई टोचून पाहिल्यावर भुसभुशीत लागतात का, छतातून बारीक माती गळते का, हे पाहा. यातलं एकही दिसलं तर त्या खोलीत झोपू नका.

नोटीस कोणत्या वर्गाची ते वाचा. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहून दुरुस्ती, सी-३ किरकोळ. नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली असते. ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याचा दाखला कलम २६५ अ प्रमाणे लागतो. वर्ग मान्य नसेल तर तुम्ही स्वतः नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून अहवाल देऊ शकता. मालक आणि भाडेकरू यांचे अहवाल वेगवेगळे आले तर महापालिकेला दोन्ही विचारात घ्यावे लागतात.

हक्काची भीती मात्र मनातून काढा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. बाहेर पडण्याआधी महापालिकेच्या अभियंत्याकडून तुमच्या ताब्यातल्या जागेचं चटई क्षेत्र मोजून घ्या आणि भाडेकरूंच्या यादीत नाव, खोली आणि चौरस फूट लिहिलेली सही-शिक्क्याची प्रत मागा. भाडेपावत्या, वीजबिल, घरपट्टीवरची नोंद आणि प्रत्येक खोलीचे फोटो यांची एक पिशवी करा आणि ती वाड्याबाहेर नातेवाइकांकडे ठेवा.